शिरीषाखालचा धोंडा

आमच्या गल्लीत पहिली मोटार आली, ती अडकलीच. संस्थान विलीन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गल्लीच्या वरच्या टोकाला एक गुळाचे व्यापारी राहायचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. शाहूपुरीत त्यांची पेढी होती. त्यांनीच ती मोटार घेतली. गाडीला झेंडूचा हार, पुढं वाजंत्री, बायका-पोरं दारात. आणि वळणावर आमच्या शिरीषापाशी आल्यावर गाडी पुढंही जाईना आणि मागंही येईना. एका अंगाला झाडाचं खोड, दुसऱ्या अंगाला तालमीची भिंत. शेवटी तालमीतले पैलवान लंगोटावरच बाहेर आले आणि त्यांनी गाडी मागून उचलून सरळ करून दिली. गल्ली पोट धरून हसली. अण्णा मात्र हसले नाहीत.

त्या शिरीषाखाली माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, तिच्यात पान्हे, पंप, सोल्युशनच्या नळ्या, आणि बाहेर झाडाखाली ओळीनं उभ्या केलेल्या सायकली. शिरीष विलायती, झपाट्यानं वाढणारा. माझ्या जन्माच्या आधी आबांनीच तो लावला होता, आणि मी शाळेत जाऊ लागेपर्यंत त्यानं अख्खं वळण सावलीखाली घेतलं होतं. चैत्र-वैशाखात गुलाबी झुपके खाली पडायचे आणि सायकलींच्या सीटवर चिकटून बसायचे. ही सावली काही हौसेची नव्हती. उन्हात सायकल ठेवली की ट्यूब फुगून फुटते, ठिगळं सुटतात. सावली गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं तर घरात दुसरी मिळकत नव्हती.

घरात आम्ही तिघंच. आई मला कळायच्या आधीच गेली होती. मला वाढवलं ते आत्तीनं, आबांच्या थोरल्या विधवा बहिणीनं. आत्तीचा आवाज असा, की ती घरात कुजबुजली तरी तालमीत ऐकू जायचं. आबा सत्यशोधकी वळणाचे. घरात देव्हारा नव्हता. कुळस्वामीचा एक चांदीचा टाक तेवढा आत्ती लुगड्याच्या घडीत लपवून पुजायची, आणि आबा ते ठाऊक नसल्यासारखं वागायचे. मला त्यांनी सायकल शिकवली तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. आबांनी त्यांनाच विचारलं, "का, पोरीला पाय न्हाईत व्हय?"

मोटार अडकल्यापासून तालमीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी एकच वाद चालायचा. अण्णा मुंबई बघून आलेले. तिथले रस्ते, तिथली वाहनं, सगळं हातवारे करून सांगायचे.

"आबा, जग कुठल्या कुठं गेलं आणि तुम्ही अजून पायडलच मारत बसलाय. उद्या घरोघरी मोटारी हुतील. तवा ह्यो रस्ता पुरंल व्हय?"

"घरोघरी मोटार आली तर ती उभी कुठं करायची, अण्णा? आणि माणसं कुठं ऱ्हायाची?"

यावर सगळे खो-खो हसायचे, कारण गल्लीत दुसरी मोटार येईल हेच कुणाला खरं वाटत नव्हतं. अण्णांना राग आला की ते म्हणायचे, "सायकल म्हंजे गरिबी हो! सुधारायचं म्हंजे रस्ता रुंद व्हायाच पायजे."

"आणि सावली? ती बी गरिबीच काय?"

मला हा वाद करमणुकीचा वाटायचा. मग एके दिवशी शाळेतून आले, तर शिरीषाच्या खोडावर माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर चुन्याची पांढरी फुली. रस्ता रुंद करायला मोजणारी नगरपालिकेची माणसं येऊन गेली होती. झाड पंधरवड्याच्या आत जाणार होतं. आबा टपरीत बसले होते. समोर उघडी पडलेली ट्यूब, हातात कानस, आणि हात हलत नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताट तसंच सरकवलं. आबांना असं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मी भेदरून गेले.

तिसऱ्या दिवशी आत्ती कडाडली. "वड असता, पिंपळ असता, तर कुणाची छाती झाली असती फुली मारायची? ह्यो बिचारा बिनदेवाचा. मग त्याला देव द्यायचा की!"

"माझ्या दुकानाम्होरं शेंदूर?" आबा म्हणाले. "मी मेल्यावर."

पण आत्ती ठरवलं की करणारी बाई. भर दुपारी, गल्ली जेवून आडवी झाल्यावर, ती वाटीत शेंदूर आणि तेल कालवून घेऊन आली. झाडाखाली एक धोंडा होता, वर सपाट, बसायला सोयीचा. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाइकं त्यावरच बसायची. निम्म्या गल्लीनं त्यावर बूड टेकून आबांशी राजकारण बोललेलं. आत्तीनं तो गडगडवत खोडाला लावला, उभा केला आणि वरपासून खालपर्यंत शेंदरानं माखला. पुढं दोन उदबत्त्या लावल्या. मी आबांकडं पाहिलं. आता ओरडतील, वाटी भिरकावतील. आबा मान खाली घालून चाकाच्या तारा आवळत राहिले. देव न मानणारा माझा बाप हे डोळ्यांदेखत होऊ देतो, याचाच मला पहिला धक्का बसला.

आठवड्यानं दोर आणि करवती घेऊन माणसं आली. तोवर तिथं नारळाची शकलं, हळद-कुंकू, लिंबं असं सगळं साठलं होतं. मुकादमानं ते पाहिलं आणि जागच्या जागी चपला काढल्या. आत्तीला म्हणाला, "मावशी, आधी सांगायचं न्हाय व्हय हितं देव हाय म्हणून? आमाला बी पोरंबाळं हाईत की." हात जोडून तो गेला, मागोमाग त्याची माणसंही गेली. झाड वाचलं! आत्तीनं त्या दिवशी पुरण घातलं आणि आबा तीन पोळ्या जेवले.

इथंच सगळं थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण गल्लीला देव मिळाला होता, आणि फुकटात मिळालेला देव कोण सोडतो? तालमीतला एक पैलवान त्याला नारळ फोडून कुस्तीला गेला आणि जिंकून आला. झालं! मग कुणाचा ताप उतरला, कुणाची म्हैस सापडली. कुणी म्हसोबा म्हणू लागलं, कुणी बिरोबा. एक म्हातारबा तर मला सांगू लागले, "माज्या आज्यापास्नं हाय ह्यो देव हितं." मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. हेच म्हातारबा दर बाजाराला त्याच धोंड्यावर बसून विडी ओढायचे! शेंदूर चढला आणि कुणालाच तो ओळखू येईना, हे मला आजही खरं वाटत नाही.

हळूहळू आमचं दुकान मागं सरकू लागलं. देवासमोर गिऱ्हाइकांच्या चपला नकोत, म्हणून सायकली थोड्या अलीकडं आल्या. तेलाचे डाग नकोत, म्हणून पंक्चर बघायची पाण्याची पाटी टपरीच्या आत गेली. आबा सायकली सरकवून घेत. सावली तेवढी होती ना डोक्यावर.

गंमत म्हणजे या काळात अण्णांचा आणि आबांचा दोस्ताना झाला. मोटार वळणापुढं जात नव्हती, म्हणून अण्णा ती शिरीषाखालीच उभी करायचे. उन्हात गाडीचं टप असं तापायचं, की आत बसवायचं नाही. एकदा ते स्टुलावर बसून आबांच्या हातचा चहा पिता पिता वर बघत म्हणाले, "सावली झ्याक हाय हो तुमची." आबांनी नुसतं हसून दुसरा कप भरला. एका बाजूला मोटार आणि एका बाजूला सायकली, असं ते वळण काही दिवस सुखानं नांदलं.

मग एका संध्याकाळी तालमीच्या वस्तादांनी कट्ट्यावर सगळ्यांना जमवलं. देव उघड्यावर आहे, पाखरं अंगावर घाण करतात, हे गल्लीला शोभत नाही. देऊळ बांधायचं ठरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ वस्ताद म्हणाले, "पाया खणायचा म्हंजे मुळ्या आडव्या येनार. परवा सकाळी झाड काढून टाकू."

मी दाराच्या आडोशाला उभी होते. माझा कानांवर विश्वास बसेना. झाड वाचावं म्हणून बसवलेला देव, आणि त्या देवासाठी झाड तोडायचं! मला वाटलं, कुणीतरी आता हसेल, कुणाच्या तरी ध्यानात येईल. कुणीही हसलं नाही. विरोध केला तो एकट्या अण्णांनी.

"झाड ऱ्हाऊ दे की. रस्त्याचं मी आता काय बी म्हनत न्हाय."

"व्हय, तुमच्या मोटारीच्या सावलीपायी देवाला पावसात भिजत ठेवायचं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अण्णा लाल होऊन खाली बसले.

तेव्हा आबा उठले. टोपी काढून हातात घेतली. सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं, की हा देव नाही, दुकानातला बसायचा धोंडा आहे, आमच्याच घरातून त्याला शेंदूर लागला, आणि तोही झाड वाचवण्यासाठी. "तुम्ही समदी त्याच्यावर बसलाय," ते म्हणाले. "नीट बगा एकदा."

आता आपल्याला मारतात की काय, असं मला वाटलं. वस्ताद सावकाश पुढं आले. वाकले. आणि त्यांनी आबांच्या पायांना हात लावला.

"म्हंजे देवानं तुमचंच घर निवडलं, आबा. नारळ तुमच्या हातनंच फुटायला पायजे."

मागून आणखी चौघं पाया पडायला आले. आबा मागं मागं सरकत भिंतीला टेकले. खरं बोलून माणूस इतका हरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, पुढंही नाही.

घरी आल्यावर आत्तीच म्हणाली, "मी बसवलाय, मीच उठवतो. देव उठून गेला तर देऊळ कशाचं बांधत्यात?" आबांच्या चेहऱ्यावर जीव आला. ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी पहाटे आत्तीनं धोंडा उचलायचा, आबांनी तो पोत्यात घालून सायकलच्या कॅरियरला बांधायचा आणि पंचगंगेत सोडून यायचं. बसवणाऱ्याच्याच हातानं उठवायचा, हा आत्तीचा हट्ट. आबांना कशाचीच हरकत नव्हती.

तांबडं फुटता फुटता आम्ही निघालो. आबा पोतं आणि दोरी घेऊन वळणाच्या अलीकडं सायकलपाशी थांबले. आत्ती न्हाऊन आली होती, केस ओले होते. मी तिच्याबरोबर झाडाखाली गेले. वर पाखरं जागी व्हायला लागली होती. तिनं धोंड्यावरची फुलं बाजूला केली, पदर खोचला, वाकली आणि दोन्ही पंजे धोंड्याला घट्ट लावले.

"उचल की, आत्ती," मी म्हणाले.

धोंडा जागचा हलला नाही. मला वाटलं, वजन झेपत नसेल. मी मदतीला वाकणार, तेवढ्यात तिनं हात काढून कपाळाला लावले. मग गुडघे टेकले आणि डोकं जमिनीला लावलं. मी दगड होऊन उभी राहिले. ही तीच बाई होती, भर दुपारी त्याला गडगडवत आणणारी.

"अगं, तूच की शेंदूर कालवलास!"

"व्हय."

"मग?"

"तवा धोंडा हुता त्यो."

मला संताप आला. असा संताप, की डोळ्यांत पाणीच आलं. "मग मी उचलतो," म्हणून मी हात पुढं केला. आत्तीनं माझं मनगट धरलं. तिची बोटं शेंदरानं तांबडी झाली होती आणि पकड अशी, की मला ती सोडवेना.

"हात लावू नगंस," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज खरोखर हळू होता. "तुजं लगीन व्हायचं हाय."

मी वळून पाहिलं. आबा सायकल घेऊन जवळ आले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. आता ते आत्तीला बाजूला सारतील, धोंडा उचलतील, असं मला वाटलं. ते बहिणीकडं बघत राहिले. तिचं कपाळ मातीनं भरलं होतं. आबांनी कॅरियरची दोरी सोडली, पोत्याची नीट घडी घातली आणि टपरीच्या छपरावर ठेवून दिली. मग ते ओळीतली पहिली सायकल ढकलत उन्हाच्या बाजूला नेऊ लागले.

"पोरी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या कडंच्या तू काढ. झाड पडताना चाकं वाकतील."