मावशीकडून शिकलेला हेल

भाऊ मेलाय आणि बहीण त्याच्या उशाशी बसून हेल काढून रडते, एवढाच प्रसंग. सिनेमाच्या ऑडिशनसाठी पुण्याहून फोन करणारी बाई म्हणाली, संवाद लिहिलेले नाहीत, तुमचं तुम्हीच म्हणा, पण गावाकडचं अस्सल पाहिजे. अस्सल म्हणे! शिरूरला एसटी स्टँडमागं माझं पार्लर आहे. शटर ओढून घेतलं आणि आरशासमोर रडून बघितलं. आपलंच ऐकून अशी चीड आली! मालिकेतली सून कपबशी फुटल्यावर रडते तसं वाटत होतं.

इतकी वर्षं स्पर्धांच्या नाटकात सासवा आणि शेजारणी केल्या. चाळिशी आली होती. सिनेमासाठी पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं आणि हे हुकलं तर परत विचारणार नाही, एवढी अक्कल मला होती. मग मी इनामगावला मावशीकडं गेले.

आमच्याकडं मयताला बाई नुसती रडत नाही. गेलेल्याशी बोलते, त्याला नावं ठेवते, त्याचं कौतुक करते आणि प्रत्येक बोलाच्या शेवटी सूर लांबवते. तो हेल. मावशी दारात आली की बायका सरकून तिला मढ्याजवळ जागा द्यायच्या. तिनं सूर लावला की कोरड्या डोळ्यांनी आलेल्या सुनासुद्धा ढसाढसा रडायच्या. आणि हीच मावशी, तिचा एकुलता एक पोरगा नगर रोडला गाडीवरनं पडून गेला तेव्हा, त्याच्या छातीवर हात ठेवून गप्प बसून राहिली. बायका वाट बघत थांबल्या. तिच्या तोंडातून हुंदकासुद्धा आला नाही. बाईला काळीज आहे का धोंडा, असं लोक बोलले. त्यानंतर ती कुणाच्याच मयताला गेली नाही.

मी गेले तेव्हा ती ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी काम सांगितलं. तिनं मान वर केली नाही. घरात मढं नसताना रडत नसतात, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, अगं, ही नुसती तालीम आहे. ती जुड्या बांधतच राहिली. माझं डोकं फिरायला वेळ लागत नाही. सगळ्या गावाला रडलीस, मला दोन ओळी शिकवायला काय जातंय तुझं, असं तोंडातून निघून गेलं आणि लगेच जीभ चावली. तिनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली, लुगड्याला हात पुसले आणि चल म्हणाली. घरात नको, नदीवर.

घोडनदीचं पाणी खाली गेलं होतं. पलीकडं कुणाची तरी मोटर चालू होती. मला खडकावर बसवून तिनं विचारलं, "कुणाला रडायचंय?"

"भावाला."

"तुला कुठं हाय भाऊ?"

आम्ही नुसत्या बहिणीच. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "मग माझ्याच लेकाला रड. तुझा भाऊच की त्यो."

 दुसरं कुणीतरी घेऊ म्हटलं, तर म्हणाली, ज्याला आपण बघितलं नाही त्याला रडता येत नाही. मग ती एकेक ओळ सांगायला लागली, सूर न लावता, दुधाचा भाव सांगावा तशी. देवाला हाका मारू नको, त्याच्याशी भांड, म्हणाली. सूर मी लावायचा. शर्टाला इस्त्री करून ठेव म्हनलास, माज्या राजा, आता त्यो घालू कुणाला. शेवगा नको म्हून ताटावरनं उठलास, माज्या वाघा, तसा उपाशीच गेलास रं. मधेच थांबवून मला दुरुस्त करायची. दम धर, लवकर सोडतीस, छातीतनं काढ.

मग मला तिच्या ओळींची गरज उरली नाही. मला स्कूटर शिकवताना तो मागचं कॅरियर धरून पळायचा, ते आठवलं आणि मी खरंच रडायला लागले, थांबेना. एवढ्यात पलीकडची मोटर बंद पडली. सगळ्या नदीवर माझाच आवाज. कुणीतरी मागं येऊन उभं राहिलंय असं वाटलं. वळून बघायची छाती झाली नाही. मावशी मात्र माझ्या खांद्यावरून मागंच बघत होती, कोरड्या डोळ्यांनी.

पुण्यात सिनेमावाल्यांनी ऑफिसात जमिनीवर गोधडीची वळकटी ठेवली होती. हाच भाऊ समजा, म्हणाले. मी बसले आणि रडले. शर्ट, शेवगा, सगळं आलं.  मग ती बाई म्हणाली, ते शेवग्याचं शूटिंगला अस्संच ठेवायचं हं, कुठून सुचलं तुम्हाला? सुचलं, म्हटलं.

काही दिवसांनी फोन आला, तुमचं नक्की. पार्लरमध्ये एकटीच नाचले मी. आणि सगळ्यात आधी मावशीला फोन लावला. तिनं अभिनंदन वगैरे केलं नाही. कुठं रडलीस, घरात का, असं विचारलं. ऑफिसात म्हटलं, म्हणजे खोलीतच.

 मग तिनं सांगितलं की मढं नसताना चार भिंतींत रडलं की गेलेलं माणूस आपल्यालाच बोलावलं समजून स्वतःच्या घराच्या दारात येतं. म्हणून घरात नको म्हटलं होतं.

 त्या कामासाठी जीव टाकला होता, तरी मी म्हटलं, "मावशी, तू नको म्हणालीस तर सोडते मी."

"सोडू नको," ती म्हणाली. "शूटिंगला किती येळा रडशील?"

"पुष्कळदा. परत परत घेतात ते."

"मग आदल्या दिशी मला फोन कर. मी त्याचं ताट वाढून ठेवीन."