मास्तरांची मूठ

येडशीतले आमचे टेलरमास्तर सगळ्यालाच भ्यायचे. रामलिंगच्या देवळातल्या माकडांना भ्यायचे, इंजेक्शनला भ्यायचे, शिलाई मशीनला मोटर बसवायलाही भ्यायचे, म्हणून जन्मभर मशीन पायानंच चालवली. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी दोन्हीकडं तीन-तीनदा बघायचे आणि मग "या अल्ला" म्हणत पळत रूळ ओलांडायचे. अशा माणसानं मला बॉक्सिंगचे डावपेच शिकवले असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पूर्वी मीही हसायचे.

हात चालवायला शिकवलं ते शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी. वर्षभरात त्यांची बदली झाली आणि ग्लोव्हजच्या दोन उसवलेल्या जोड्या शिवायला म्हणून मास्तरांकडं राहिल्या. त्या आणायला मी दुकानात गेले. दहावीत होते तेव्हा. आत कापूस भरता भरता मास्तरांनी विचारलं, "बेटा, मार खायचं भ्या वाटत न्हाई व्हय?" मी म्हणाले, वाटतं की. त्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी सुई बाजूला ठेवली. "मग तू शिकशील," म्हणाले. "ज्याला भ्याच वाटत न्हाई त्याला प्लॅन कशाला लागतोय?"

प्लॅन म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. ब्लाउजचे कागद बेतायला ते स्टेशनवरच्या एका बाबूंकडून जुन्या क्रीडा मासिकांची रद्दी आणायचे आणि कापण्याआधी वाचून काढायचे. जगभरातल्या गाजलेल्या लढतींचे डावपेच त्यांना तोंडपाठ होते, फक्त अर्धेमुर्धे. कुणा सडपातळ गड्यानं एका धिप्पाड विजेत्याला फेऱ्यांमागून फेऱ्या नुसतं आपल्या मागं पळवलं होतं. त्याचं पुढं काय झालं विचारलं तर मास्तर ओशाळून म्हणायचे, "ते पाटलीणबाईंच्या गळ्यात गेलं."

त्यांची सगळ्यात आवडती लढत आफ्रिकेतली. समोर डोंगराएवढा माणूस, दोन-तीन फेऱ्यांत कुणालाही आडवा करणारा. त्याच्यापुढं मास्तरांचा नायक दोरांना पाठ टेकून, तोंड हातांनी झाकून उभा राहिला आणि मार खात राहिला. मारून मारून डोंगर दमला. "तो भ्यालेलाच असणार," मास्तर सांगायचे. "भ्याला म्हणून तर डोकं चाललं त्याचं." दुकानात दोन खुर्च्यांना नाडा बांधून ते मला त्याला टेकून उभं करायचे आणि उशीनं मारायचे. उशी माझ्या तोंडाशी आली की डोळे तेच मिटायचे.

जिल्ह्याची स्पर्धा धाराशिवला होती. वडिलांनी आधीच ठणकावलं होतं, "हारलीस तर हे खूळ बंद. परत ग्लोव्हजला हात लावायचा न्हाई." ते बोलले की बोलले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सोबत यायला कुणी नव्हतं, तेव्हा मास्तरांनी दुकान बंद केलं आणि एसटीत पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून माझ्या शेजारी बसले. तिथं गेल्यावर पंचांनी समजावलं, पोरीला झेपेना झालं तर कोपऱ्यातून टॉवेल आत टाका, लढत थांबवू. मास्तर गडबडीत टॉवेल घरीच विसरले होते. गळ्यातला माप घ्यायचा टेप पुढं करून त्यांनी विचारलं, "ह्यो चालंल का साहेब?" पंच हसून चालेल म्हणाले.

माझी गाठ लोहाऱ्याच्या एका उंच मुलीशी पडली. एकूण तीन फेऱ्या. ठरल्याप्रमाणं पहिली फेरी मी दोरांना टेकून काढली, दुसरीही तशीच काढली. ठोसे किती बसले ते आठवत नाही, भीती तेवढी आठवते. आणि ती मुलगी काही दमत नव्हती. दुसऱ्या फेरीनंतर स्टुलावर बसले आणि कशीबशी म्हणाले, "मास्तर, ती दमंना की! आता पुढं काय करायचं?"

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पुढचं पान न्हाई माझ्याकडं, बेटा," ते म्हणाले. "त्याची बाही बेतली म्या."

"मग तो डोंगर कितव्या फेरीला दमला?"

"काय म्हाईत."

तेवढ्यात घंटा झाली. तेव्हा वाटली तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. मी उठले आणि परत दोरांनाच जाऊन टेकले, कारण दुसरं काही येतच नव्हतं. नाकावर एक ठोसा बसला, ओठांवर काहीतरी गरम आलं, आणि हातांच्या फटीतून मला मास्तर दिसले. हात उंच केलेला, मुठीत टेप. आता टाकणार. टेप पडला की लढत संपणार, मी हरणार आणि घरी वडील ग्लोव्हज माळ्यावर टाकणार. त्या भीतीपुढं माराची भीती लहान झाली. मी दोर सोडले आणि डोळे मिटून सुटले. दोन फेऱ्या नुसतं मारून मारून ती मुलगी बेसावध झाली होती, हात खाली होते तिचे. पंचांनी तिच्यासाठी दोनदा आकडे मोजले आणि लढत थांबवली.

परतताना मास्तर एसटीतही ती मूठ आवळूनच बसले होते. त्यानंतर त्यांनी मला दुसरा प्लॅन कधी सांगितला नाही. ग्लोव्हज शिवून द्यायचे, पण स्पर्धेला चला म्हटलं की गिऱ्हाइकाचं काम आठवायचं. मी मात्र पुढं राज्यापर्यंत खेळले आणि जिथं सत्कार झाला तिथं सांगत सुटले, मास्तरांनी टेप टाकला नाही, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. ते समोर बसलेले असले तर मान खाली घालायचे. मला वाटायचं, लाजतात.

शेवटी त्यांच्या आजारपणात मी भेटायला गेले, तेव्हा त्या आफ्रिकेतल्या लढतीची पूर्ण हकिकत मोबाईलवर शोधून नेली होती. मी वाचत होते, ते डोळे मिटून ऐकत होते. आठव्या फेरीला तो डोंगर कोसळला.

"आठव्या?" मास्तरांनी डोळे उघडले. "आन् आपल्याकडं तीनच व्हत्या."

मी हसले. ते हसले नाहीत. चादरीवरची त्यांची मूठ आवळली गेली होती.

"बेटा, तू लोकांना विश्वास, विश्वास सांगतीस. तसं काय नव्हतं ग. मला टेप टाकायचाच व्हता. तुझं रक्त बघितलं आन् मूठच उघडंना. भ्यानं आखडली. तू पडली असतीस, काय झालं असतं, तर मी तसाच हात वर करून बघत बसलो असतो." मग म्हणाले, "तवापासनं रोज भ्या वाटतं."

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पंधरवड्यात ते गेले.

आता मीच मुलींना शिकवते, कोपऱ्यात उभी राहते. घंटा व्हायच्या आधी मुली विचारतात, मॅडम, तुम्ही सारखी मूठ उघडझाप का करता? मी त्यांना काहीतरी सांगून वेळ मारून नेते. टॉवेल हातात घ्यायच्या आधी मला बघायचं असतं, मूठ उघडतेय का. रोज उघडते. तरी भ्या वाटतं.