जहागीरदाराचा हात

हे मी आजपावतर कोनाले सांगतलं नाही. बायकोलेही नाही — अन् तिले तं मी चोरून खाल्लेलं श्रीखंडही तोंड पाहून समजते. तुले सांगतो.

मी मालेगावच्या एका शाळेत इतिहास शिकवतो अन् ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो, हे तं तुले ठाऊकच आहे. त्यातली एक लय गाजली. तिच्यात जहागीरदार दासीचा हात धरते, दासी दहा पानं रडते, अन् नायक घोड्यावरून उडी मारून जहागीरदाराचा हातच तोडते. घोड्याचा अन् माहा संबंध फक्त वरातीपुरता. तवाही मले दोघायनं धरून ठेवलं होतं. पन लिहायले काय जाते?

मंग हे सुचलं कुठून? — थांब, तेच सांगून राह्यलो.

सुनंदाबाई आमच्या शाळेत शिवनकाम शिकवायच्या. गॅदरिंगचं विचारायले आमी दोघं संस्थेच्या अध्यक्षाच्या खोलीत गेलो. त्यानं बाईचा हात धरला. बाईनं सोडवला, त्यानं पुन्हा धरला. मी समोर उभा. काय केलं म्हनशीन? — भिंतीवरच्या क्यालेंडरात संकष्टी शोधली. मी संकष्टी धरतही नाही.

बाईनं तक्रार केली. चौकशीत मले विचारलं, तं मी म्हनलो, माहं लक्ष नव्हतं. नोकरीची भीती, दुसरं काय? बाई खोट्या ठरल्या अन् नोकरी सोडून जऊळक्याले माहेरी गेल्या.

अन् मी कादंबरी लिहाले बसलो. हात तोडला त्या दिवशी तं इतकं मोकळं वाटलं, की दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आता आमच्याकडची रीत — मास्तरचं पुस्तक असलं की प्रकाशन अध्यक्षानंच करायचं. त्यानं तोच प्रसंग माइकवर वाचला. डोळे पुसले. अशा नराधमाले हीच शिक्षा पाहिजे, म्हने. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडून शाल घेतली, अन् — हे सांगाले लाज वाटते — वाकून पाया पडलो.

पुढं जऊळक्याच्या स्टेशनवर सुनंदाबाई भेटल्या. पुस्तक वाचलं होतं त्यायनं. मले वाटलं, आभार मानतीन. खरंच वाटलं.

"सर," त्या म्हनल्या, "तुमची दासी रडतच राह्यते. मी तं रडली नव्हती. मी तुमच्याकडं पाह्यलं होतं."

गाडी आली, त्या चढून गेल्या.

मले सगळं दिसलं होतं. बाई खऱ्या होत्या. खोटं मी बोललो.