तालमीचा नवा पैलवान

आमच्या घरात भाकरीसुद्धा पत्रकात गुंडाळलेली असायची. वडील मोर्च्यांची पत्रकं छापायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठीवर मी अक्षरं गिरवायचे. ‘आई’च्या आधी मला ‘निषेध’ लिहिता आला. नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीला पाण्याची टाकी मंजूर झाली, तीही असल्याच पत्रकांच्या जोरावर. तोवर गल्लीतल्या बाया पार उताराखालच्या नळावरून डोक्यावर घागरी आणायच्या. माझी आई त्यातलीच.

टाकीचा खड्डा तालमीच्या भिंतीलगत खणायला घेतला आणि कंबरभर खोलीवर माणसाचा सांगाडा लागला. पोलीस बघून गेले. लई जुनं हाय, आमचं काम न्हाय, म्हणाले. मग तालमीचे वस्ताद खड्ड्यात उतरले. त्यांनी दंडाचं हाड हातात तोललं, मानेचे मणके चाचपले आणि निकाल दिला.

"पैलवान हाय. असली मान कुस्तीबिगर हुत न्हाय."

कोल्हापुरात याच्यापुढे पुरावा लागत नाही. पोरांनी हाडं लाल फडक्यात बांधून तालमीत मारुतीशेजारी ठेवली, वर हार घातला. खड्ड्याच्या जागी पैलवानाची समाधी बांधायचं ठरलं. टाकीचं पुढं बघू.

मी लगेच पत्रक लिहिलं: ‘मेलेल्या पैलवानाला समाधी, जित्या बायांना घागर!!!’ वडील म्हणाले, "उद्गारचिन्ह एक बास." वस्तादांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि माझ्यासमोरच त्याच्यावर बदाम सोलायला घेतले.

पत्रक हरलं, तेव्हा मी आमच्या कॉलेजातल्या मॅडमना बोलावलं. त्या जुन्या हाडांचा अभ्यास करायच्या. कॉलेजनं शिक्का मारला तर समाधीला वजन येईल, म्हणून वस्तादही खूश होते. फक्त दारात त्यांनी हात आडवा घातला.

"मॅडम, तुमी शिकलेल्या हाईसा. खरं बाईमाणसाला आत येता येत न्हाय. रिवाज हाय."

"मग पैलवानांना बाहेर आणा," मॅडम म्हणाल्या.

पायरीवर सतरंजी अंथरली. सगळी गल्ली गोळा झाली. मॅडम कमरेचं हाड बराच वेळ फिरवून बघत होत्या.

"ही बाई आहे."

मॅडम पुढच्या हाडाकडे वळल्या. "मानेचे मणके झिजलेत. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहिलंय. घोट्याला उकिडवं बसायच्या खुणा आहेत. दंड कष्टानं भरलेले."

"ओझं पाण्याचंच ना?" मी विचारलं.

"पाणी की सरपण, ते हाड सांगत नाही. पत्रकात घालू नकोस."

वस्ताद पुटपुटले, "बाई कशी आसंल? आमी तर तिला आत..." आणि तिथंच थांबले. पोरं एकदा मारुतीकडे, एकदा आपल्या पायांकडे बघायला लागली.

शेजारच्या दूध घालणाऱ्या मावशी पुढं आल्या. "म्हंजे आमच्यातली एक आत मुक्काम करून आली की. मारुतीला काय झालं न्हाय न्हवं? वस्ताद, आता समाधी बांधाच. दर मंगळवारी, शुक्रवारी समद्या ओटी भराय येतो."

"ओटी? तालमीच्या दारात?"

"मग काय माझ्या गोठ्यात? तिला हार तुमी घातलासा."

माझी आई कधी चारचौघांत बोलायची नाही. ती पदर सावरत म्हणाली, "हळदीकुंकूबी हितंच करूया. पोरांस्नी तेवढं सांगा, त्या दिवशी लंगोटावर हिंडू नका."

वस्तादांनी मान खाजवली. मग पोरांना म्हणाले, "फावडी घ्या."

हाडं मॅडम कॉलेजात घेऊन गेल्या. टाकीचा उरलेला खड्डा तालमीच्या पोरांनी दिवस मावळायच्या आत खणला. कंत्राटदाराची माणसं कडेला बसून विड्या ओढत बघत होती.

टाकीला पाणी सुटलं, त्या सकाळी वस्ताद बादली घेऊन थेट तोटीपाशी आले. तालमीच्या भिंतीला लागूनच टाकी, म्हणजे पहिला मान आपला, असा त्यांचा हिशेब असावा. मावशींनी घागर तोटीखालून हलवली नाही.

"रांगेत या, पावणं. रिवाज हाय."

वस्ताद बादली सावरत मागं गेले आणि माझ्या आईच्या पाठीमागे उभे राहिले.