हातावरचं दही

प्रसादचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभी होते आणि दूध नुकतंच वर येऊ लागलं होतं. प्रसाद हा माझा जावई. इतक्या सकाळी तो कधी फोन करत नाही. "आई गेली," एवढंच म्हणाला. तेवढ्यात दूध उतू गेलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की विहीणबाई असत्या तर त्यांनी लेकाला तिथल्या तिथे टोकलं असतं. त्यांच्या घरात निघताना 'जाते' म्हणायची कुणाची टाप नव्हती. खाली कोथिंबीर आणायला उतरायचं असलं तरी 'येतंय हां' म्हणूनच उंबरा ओलांडायचा. आता दीड महिना होत आला, पण नलिनीताईंबद्दल बोलताना ते क्रियापद माझ्याही तोंडून निघत नाही.

मी मुलुंडची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. त्या बोरिवलीच्या. मूळ घर मालवणकडचं, सासरे गिरणीत, आणि स्वतः त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केलेली. माझी केतकी त्यांच्या प्रसादला दिली. विहिणी-विहिणींनी एकमेकींशी कसं वागायचं ते आपल्याकडे ठरलेलं असतं: गोड बोलायचं, अंतर राखायचं आणि घरी आल्यावर नावं ठेवायची. मीही त्याच तयारीत होते. पण आमची पहिली खरी भेट झाली ती लग्नाच्या हॉलमागच्या पार्किंगमध्ये.

झालं असं, की विहिणीची पंगत मांडून तयार, उदबत्त्या लावलेल्या, आणि वरमाय गायब. माझ्या भावजयांनी लगेच निकाल दिला, वरमाय रुसली. मग कशावरून रुसली त्याचा काथ्याकूट सुरू झाला. कॉफी कोमट होती, पाय धुताना तांब्या स्टीलचा होता, मानाची साडी फिकी होती. मी जास्तीची ठेवलेली एक साडी खोक्यासकट उचलली, चेहरा शक्य तितका गरीब केला आणि समजूत काढायला निघाले. नलिनीताई सापडल्या मागच्या बाजूला, सावरीच्या झाडाखाली. अंगावर पैठणी, नाकात नथ, मान पार मागे टाकलेली. मी तोंड उघडणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. वर बघितलं तर लालभडक फुलांमध्ये काळ्या डोक्याचे, गुलाबी अंगाचे शेकडो पक्षी नुसता कल्ला करत होते. "भोरड्या," त्या म्हणाल्या. "परतीला निघाल्यात. थोड्या दिवसांनी एक दिसणार नाही. बसा ना जरा." बसायला काही नव्हतं म्हणून मी हातातलं खोकं कठड्यावर ठेवलं आणि मानाच्या साडीवर आम्ही दोघी विहिणी शेजारी शेजारी बसलो. खोकं चेपलं. आत जिलेबी निवली. माझ्या भावजया अजूनही सांगतात, की मी वरमायेची समजूत काढायला अर्धा तास घेतला.

त्यानंतर त्या माझ्याकडे मुक्कामाला येऊ लागल्या. शेजारणींना हे पचायला जड गेलं, विहीण आणि मुक्कामाला! पण भांडुपची खाडी माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि बोरिवलीहून पहाटे निघणं त्यांना जमत नसे. खाडीवर सगळं जग रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला येतं. नलिनीताई त्या गुलाबी थव्यांकडे सरळ पाठ करून चिखलात धावणाऱ्या मूठभर आकाराच्या पक्ष्यांकडे बघत बसायच्या. बाकचोच तुतारी हा त्यांचा जीव की प्राण. थंडीभर हा पक्षी असा राखाडी, की चिखलातून वेगळा काढता येऊ नये. गुढीपाडवा सरला, की मात्र एकेकाच्या पोटावर विटकरी ठिपके उमटू लागतात आणि एप्रिलच्या शेवटी अख्खा पक्षी तांबडा होतो. माहेरवाशीण सासरी निघताना ठेवणीतलं नेसते ना, तसं. मग एक दिवस चिखल रिकामा. पार उत्तरेला, बर्फाच्या मुलखात जाऊन अंडी घालायची असतात त्यांना.

आणि या प्रवासाला कुणाला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? पहिल्या वर्षी त्यांनी पिशवीतून दह्याचा डबा काढला तेव्हा मला वाटलं, नाश्ता आहे. त्यांनी चमचाभर दही माझ्या तळहातावर घातलं, तोंड खाडीकडे करायला लावलं आणि म्हणाल्या, "त्यांच्या हातावर घालता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने तुम्ही खा." मग पक्ष्यांना उद्देशून, अगदी दारातल्या पाहुण्याला सांगावं तसं, "येवा हां परत." माझ्यातल्या गणिताच्या बाईला हे सगळं खुळचटपणाचं वाटलं. दही मात्र मी चाटून पुसून खाल्लं.

एका वर्षी तर फजितीच झाली. दोन खेपा तुतारी दिसली नाही, म्हणून हंगाम संपला असं ठरवून आम्ही रिकाम्या चिखलाला दह्याचा निरोप देऊन टाकला. पुढच्या आठवड्यात सहज गेलो तर समोर तांबड्या तुताऱ्यांची ही गर्दी. आम्ही ओहोटीला गेलो होतो आणि पक्षी दूर आत चरत होते, एवढीच गोष्ट. मला शरमल्यासारखं झालं. नलिनीताई मात्र खूश. निरोप देऊन झालेला पाहुणा गाडी चुकून घरी परत आला तर आपण काय करतो, दुसऱ्यांदा दही घालतोच की, असं त्यांचं म्हणणं. डबा नव्हता, म्हणून नाक्यावरच्या डेअरीतून दही आणलं. ते आंबट होतं, त्यावरून त्या घरी येईपर्यंत कुरकुरत राहिल्या.

दह्याच्या बाबतीत त्यांचं मत फार कडक होतं. माझं दही त्यांच्या लेखी ताकाच्या वाटेवर निघालेलं. "माझं विरजण नेऊन बघा," असं दरवर्षी म्हणायच्या आणि मी दरवर्षी नको म्हणायचे. मुलीच्या आईनं सगळं ऐकून घ्यायचं असतं हे मान्य, पण दह्यावरूनसुद्धा? बोरिवलीचं दही आणि मुलुंडचं दही हा आमच्या दोन घरांतला एकमेव तंटा. तो मी नेटाने जपला.

या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या हृदयानं तक्रार सुरू केली. हॉस्पिटल झालं, घरी आल्या, पण जिना बंद, दगदग बंद. मग मी एकटीच खाडीवर जाऊ लागले. घरी परतेपर्यंत त्यांना दम निघायचा नाही, तिथूनच फोन करायला लावायच्या. पोटं किती तांबडी झाली, थवा केवढा उरला. एप्रिल सरत आला आणि थवा दर खेपेला लहान दिसू लागला. एकदा म्हणाल्या, "थांबवून ठेवा हो त्यांना." हसून म्हणाल्या, पण ती थट्टा नव्हती. त्यांना शेवटचा निरोप चुकवायचा नव्हता, आणि प्रसाद ऐकायला तयार नव्हता. त्याचंही बरोबरच होतं. मुलाला आई हवी असते, तुताऱ्यांचं त्याला काय…

मी बोरिवलीला गेले आणि जावयासमोर बसले. म्हटलं, "दिवाळसणाला तुम्ही मागायचं आणि आम्ही द्यायचं, अशी रीत आहे. तेव्हा तुम्ही काही मागितलं नाहीत. आज मी मागते. एक संध्याकाळ द्या."

प्रसादनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. शनिवारी स्वतः गाडी काढली आणि डिकीत प्लास्टिकची खुर्ची टाकली.

भरतीची वेळ मी नीट बघून ठेवली होती. पाणी चढू लागलं तशा तुताऱ्या काठाकडे सरकत आल्या, इतक्या जवळ, की दुर्बीण लागू नये. साधारण चाळीसेक असतील, सगळ्या तांबड्या. नलिनीताई खुर्चीवर बसून अशा बघत होत्या, की मला पुन्हा ती पैठणी आणि नथ दिसली. नेहमीप्रमाणे त्यांनी माझ्या हातावर दही घातलं. मग प्रसादच्या. तो बिचारा ओशाळला, पण खाल्लं त्यानं. आणि मग चमचा माझ्या हातात देऊन त्यांनी आपला तळहात पुढे केला. "माझ्या हातार पण घाल गो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला 'अहो'खेरीज हाक मारली नव्हती. मी दही घातलं. त्या हसल्या, दही चाटलं आणि म्हणाल्या, "झकास लागलंय." ऊन उतरलं तसा सगळा थवा एकदम उठला, शीळ घालत आमच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि ठाण्याच्या दिशेनं वर वर जात दिसेनासा झाला. तो खरंच परतीला लागला की नुसता पलीकडच्या काठावर बसायला गेला, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एकदा फसलेली बाई आहे मी. पण नलिनीताई दोन्ही हात हलवत होत्या, प्रसाद हात हलवत होता, आणि मीसुद्धा.

त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी तो फोन आला. त्या संध्याकाळी त्यांचा दह्याचा डबा माझ्याच पिशवीत राहिला होता. तळाशी उरलेल्या चमचाभर दह्याचं मी दुसऱ्याच दिवशी गुपचूप विरजण लावलं होतं, कुणाला न सांगता, तंट्यात हरल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यांना सांगायचं राहूनच गेलं, याची रुखरुख आहे. आता रोज दुधाला तेच लावते. गणपतीच्या आसपास पहिल्या तुताऱ्या राखाडी होऊन खाडीत उतरतात, तोवर तरी ते मोडू द्यायचं नाही असं ठरवलंय. पुढचं पुढे.

परवा केतकी आली होती. निघताना मी तिच्या हातावर दही घातलं. तिनं चाटलं आणि चप्पल घालता घालता थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

"आई, हे तर बोरिवलीचं दही."

मी हो म्हटलं. आम्ही दोघी थोडं रडलो, थोडं हसलो. मग तिनं हातावरचं उरलेलं दही संपवलं आणि उंबऱ्यातून म्हणाली, "येतंय हां."