ताईचं हे कधीपासून

माझी ताई कवळ्या बनवते. दाताच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाची मापं येतात, ती त्यांत प्लास्टर ओतते आणि तयार झालेल्या पांढऱ्या जबड्यांवर एकेक दात बसवत दिवसभर स्टुलावर बसते. बावीस वर्षं झाली. माणसांशी तिचं पटत नाही, जबड्यांशी पटतं. "ते उलट बोलत नाहीत ना," असं मी एकदा चेष्टेत म्हणाले, तर पाच महिने तिनं माझा फोन उचलला नाही.

हे तिचं नेहमीचं. कुणी आवडलं की तो माणूस म्हणजे देव, त्याच्यावरून जीव ओवाळून टाकायचा. त्याचं जरा कुठं चुकलं की तोच डोळ्यांसमोर नको. नवरा असाच आला आणि दीड वर्षात सोडून गेला. जिवलग मैत्रिणी तीन झाल्या, तिघींशी अबोला. मी बहीण पडले, मला सुटका नाही. खरं सांगते, तिच्या दाराची बेल वाजवली की आजही मी एक पायरी मागे सरकून उभी राहते. दार उघडणारी ताई आज कुठली असेल, याचा नेम नसतो.

मागच्या महिन्यात तिच्या लॅबच्या मालकीणबाईंनी पॉलिश करणाऱ्या नव्या बाईचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. एवढंच. सगळे चहाला गेल्यावर ताईनं फळीवरच्या छत्तीस जबड्यांवरून नावाच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या, बेसिनमध्ये भिजवून त्यांचा लगदा केला आणि पर्स उचलून घरी गेली. छत्तीस जबडे बिननावाचे! कुणाचे दात कुणाच्या तोंडात जाणार, काही पत्ता नाही. मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधीच ताई पायरीवर हजर. डोळे रडून सुजलेले. ती फळीपुढे उभी राहिली आणि एकेक जबडा हातात घेऊन नावं लिहायला लागली. हे मास्तर, यांचा खालचा दात आत वळलाय. ही शिवणकाम करणारी, दोरा तोडून तोडून हिच्या पुढच्या दाताला खाच पडलीये. मागाहून डॉक्टरांकडे पडताळून पाहिलं, तर बत्तीस नावं बरोबर निघाली. उरलेल्या चौघांना पुन्हा माप द्यायला बोलवावं लागलं.

"असा हात मला शोधून सापडायचा नाही," मालकीणबाई मला फोनवर म्हणाल्या, "पण हा राग मला झेपत नाही. तिला मनाच्या डॉक्टरांकडे न्या. ती नेमानं जात राहिली तर स्टूल तिचंच आहे. नाहीतर मी दुसरं कुणी बघते."

ते स्टूल गेलं तर ताईकडे उरणार काय? मी त्याच दुपारी मनाच्या एका डॉक्टरबाईंची वेळ घेतली.

डॉक्टरबाईंनी दोनदा ताईला एकटीला बोलावलं. ती गेली. तिसऱ्या खेपेला तिला विचारून त्यांनी मलाही बोलावलं. खोलीत तीन खुर्च्या, एक पंखा आणि त्यांच्या मांडीवर वही. त्यांनी मला पहिलाच प्रश्न टाकला, "हे कधीपासून?"

मी भराभर सांगत सुटले. नवरा गेल्यापासून. मग म्हटलं, नाही, कॉलेजपासून. मैत्रीण दुसरीबरोबर सिनेमाला गेली म्हणून हिनं चार दिवस अन्नाला हात लावला नव्हता. मग म्हटलं, छे, त्याच्याही आधीपासून. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा पाय एकसारखा हलत होता. माझाही हलत होता. मी तो दाबून धरला.

"एक तारीख सापडायची नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही मुलं जन्मतःच हळवी असतात, जरा लागलं तरी त्यांना फार लागतं. अशा मुलाच्या वाट्याला घर कसं येतं, यावर बरंच अवलंबून असतं. वागण्याची एक तऱ्हा शाळेच्या वयातच पडत जाते आणि विशीपर्यंत घट्ट होते. मग लोक म्हणतात, हिचा स्वभावच असा. पण ही तऱ्हासुद्धा बदलते. वेळ लागतो, पण बदलते. तुमच्या घरी कुणाला राग आला की काय व्हायचं?"

आमच्याकडे राग फक्त आईला यायचा. वडील सदा फिरतीवर. आई ओरडायची नाही. एकीशी बोलणं बंद करायची आणि दुसरीच्या हाती निरोप धाडायची. ताई समोर उभी असली तरी मला म्हणायची, "तिला सांग, आंघोळीला जा." मी गोडबोली, ताई हट्टी, त्यामुळे अबोला कायम तिच्याच वाट्याला. तो कधी संपेल, त्याला काही नियम नव्हता. मग एकाएकी आई तिला कुशीत घ्यायची आणि ताईचे पाय दिवसभर जमिनीला लागायचे नाहीत.

"ताईशी अबोला असायचा, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?" डॉक्टरबाईंनी मला विचारलं.

"बरं वाटायचं," माझ्या तोंडून निघून गेलं.

आई जाऊन सहा वर्षं झाली. पण एक गोष्ट मी तिलाही कधी सांगितली नव्हती. सांगितली तर ताई उठून जाईल, पुन्हा या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही, हे मला दिसत होतं. पण गप्प बसले तर या बाई चुकीच्या हकिकतीवर इलाज करत बसणार.

"ताई बारा वर्षांची होती, मी नऊ," मी म्हणाले. "हिच्या हातून आईचा चष्मा फुटला होता. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, तिला सांग, झालं गेलं, आज माझ्याजवळ झोपायला ये. मी मागच्या खोलीत गेले. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हिला काहीच सांगितलं नाही. आई दोन दिवस माझ्या एकटीची होती, मला ती अजून हवी होती. मी परत जाऊन सांगितलं, ती नाही म्हणते. मग आई पुढे अकरा दिवस हिच्याशी बोलली नाही."

ताईचा पाय थांबला.

"आईनं बोलावलं होतं?"

"हो."

"मला?"

"हो गं. तुलाच."

डॉक्टरबाईंनी वहीत काही लिहिलं नाही. ताईचा हात पर्सवर गेला आणि मी डोळे मिटून घेतले. आता दार आपटणार.

"तिला वाटलं असेल, मीच रुसले," ताई म्हणाली. "आणि मला वाटायचं, तिला मी नकोच आहे."

मग तिनं पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडे वळली. "मला तुझा भयंकर राग आलाय. पुढच्या बुधवारी मी येणार आहे. तू येऊ नकोस. पण फोन कर, मी उचलेन."

राग आलेला असताना ताई माझ्याशी बोलत होती. पंचेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, आणि मी फोन काढून बुधवार संध्याकाळची आठवण लावून ठेवली.