सासऱ्यांचा तांब्या

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं तेव्हा भोपाळहून साहेब आले, फायली आल्या, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. पण भाजीच्या सुरीने अख्खी राजधानी थक्क करू शकेल असा माणूस इथे आधीपासूनच होता, आणि तो माझा सासरा होता. रेल्वेतून रिटायर झालेले. बारसं असो, वास्तुशांत असो, नाहीतर तेलीबांध्याला नव्याने आलेल्या कुणा साहेबाकडचा चहा. पाण्याचा पेला हातात येण्याआधी ते यजमानीणबाईंकडे अरुंद गळ्याचा तांब्या, कोरडे तांदूळ आणि सुरी मागत. तांदूळ भरायचे, तांब्या आपटायचा, अंगठ्याने दाबत राहायचं, मग सुरी खुपसून नुसती तिची मूठ धरून अख्खा तांब्या अलगद उचलायचा. "जादू नाही, सबुरी आहे," म्हणायचे. पंडरी बाजारातल्या कापडवाल्याने तर साड्या दाखवायच्या सोडून शेजारचे दुकानदार गोळा केले होते. सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. मी मात्र "हमारे ससुरजी हैं" सांगत फिरलो.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात परत आला, पण कापरा. "बुढ्याचा हात गेला" ही पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, कुजबुज कानी आली, तशी त्यांनी तात्यापाऱ्याच्या गणपतीत प्रयोगच जाहीर केला. तांब्या भरायचं काम माझ्याकडे. मी जात्याच हुशार! बाप्पापुढे पांढरेफटक तांदूळ काय न्यायचे, म्हणून कुंकू आणि साजूक तूप चोळून झकास अक्षता केल्या.

तांब्या वीतभर उचलला गेला आणि सुरीवरून सुटून धाडकन आदळला. लाल तांदूळ पहिल्या रांगेपर्यंत. "गया हाथ," मागून कुणीतरी म्हणालं. सासऱ्यांनी सुरीवरून बोट फिरवलं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. एका शब्दात त्यांचा हात निर्दोष सुटला असता. ते माइकवर म्हणाले, "हात घसरला माझा. दुसरे तांदूळ आणा. थांबसान ना पाच मिनिटं?"

"हव काका, बसून आहो आम्ही!"

पाचाची पंधरा झाली. या वेळी तांब्या त्यांनी स्वतः भरला, कापऱ्या अंगठ्याने दाणा न् दाणा दाबत. उचलला तेव्हा हात थरथरत होता, सुरी थरथरत होती, तांब्याही. पण सुटला नाही. सगळा मंडप उभा राहिला. टाळ्या वाजवून माझे तळवे दोन दिवस दुखत होते.

परतताना रिक्षात हळूच म्हणाले, "जावईबापू, तूप पोळीले लावत असते. तांदळाले काहून लावलं? राहू द्या. माझ्या पोट्टीले नका सांगू, जन्मभर हासन तुमाले."

आता ते नाहीत. गणपतीत अजूनही कुणी म्हणतं, पहिल्या खेपेला म्हाताऱ्याचा हात घसरला होता बरं का. नाही हो. तूप माझं होतं.